इ. सी. जी. सुदर्शन यांचे भौतिकशास्त्र: सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मराठी माध्यमातून दहावी झालेली मुले पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला जातात आणि पहिल्याच महिन्यात सगळे भौतिकशास्त्र इंग्रजीतून अंगावर येते. विषय अवघड नसतो, पण आपल्या भाषेत कुणी नीट समजावलेला नसतो. क्वांटम आणि मूलकणांच्या भौतिकशास्त्राबद्दल शिकवताना सुदर्शन यांचे नाव निघते, आणि मग मुलांचे, पालकांचे, कधी हायस्कूलच्या शिक्षकांचेही तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत.

सुदर्शन कोण होते? थोडक्यात सांगा.

एण्णक्कल चांडी जॉर्ज सुदर्शन. जन्म १६ सप्टेंबर १९३१, केरळमधल्या कोट्टयमजवळचे पल्लम. कोट्टयमचे सीएमएस कॉलेज, मग मद्रास ख्रिश्चन कॉलेज, मद्रास विद्यापीठाची एम.ए. १९५२ ते १९५५ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये होते. तिथून अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात रॉबर्ट मार्शक यांच्याकडे पीएच.डी.ला गेले. पुढे हार्वर्ड, रॉचेस्टर, सिरॅक्यूस आणि १९६९ पासून टेक्सास विद्यापीठ, ऑस्टिन. १९८४ पासून काही वर्षे चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेचे संचालक होते. १९७६ साली पद्मभूषण, २००७ साली पद्मविभूषण, २०१० साली डिरॅक पदक. १३ मे २०१८ रोजी ऑस्टिनमध्ये निधन.

केरळचा माणूस, काम अमेरिकेत. आमच्या बेळगावच्या मुलांनी त्यांचे एवढे काय घ्यायचे?

हा प्रश्न पालक विचारतात, आणि तो रास्त आहे. साध्या घरातला, कोट्टयमच्या कॉलेजातून आलेला, परक्या भाषेत शिकलेला मुलगा पंचविशीत निसर्गाच्या चार मूलभूत बलांपैकी एकाचे गणिती रूप ठरवून देतो, ही गोष्ट आपल्या मुलांना माहीत असायला हवी. शिवाय त्यांचे धागेदोरे आपल्याजवळ आहेत. त्यांचे विद्यार्थी एन. मुकुंद यांनी रॉचेस्टरला त्यांच्याकडे पीएच.डी. केली आणि नंतर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आयुष्यभर शिकवले. दोघांनी मिळून १९७४ साली अभिजात गतिशास्त्रावर लिहिलेला ग्रंथ आजही एम.एस्सी.ची चांगली मुले वाचतात.

क्षीण बल म्हणजे काय? आपल्या रोजच्या जगण्यात ते कुठे असते?

गुरुत्व आणि विद्युतचुंबकत्व आपल्याला जाणवते. उरलेली दोन बले अणूच्या केंद्रकात काम करतात. प्रबल बल केंद्रक बांधून ठेवते. क्षीण बल मात्र कणांची जात बदलते. न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि सोबत एक इलेक्ट्रॉन आणि एक प्रतिन्यूट्रिनो (न्यूट्रिनो या जवळजवळ वस्तुमान नसलेल्या, विद्युतभारहीन कणाचा प्रतिकण) बाहेर पडतात. यालाच बीटा ऱ्हास म्हणतात.

थायरॉइडच्या आजारात जे किरणोत्सारी आयोडीन देतात ते बीटा ऱ्हासानेच काम करते. कॅन्सर कुठवर पसरला हे बघायला जो पेट स्कॅन करतात, त्यात फ्लोरीन-१८ पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित प्रतिकण) सोडतो, तेही क्षीण बलामुळेच. आणि सूर्य. दोन प्रोटॉन एकत्र येऊन जड हायड्रोजन तयार होण्याची पहिली पायरी क्षीण बलाची आहे. ते इतके मंद आहे की सूर्याच्या गाभ्यातल्या एखाद्या प्रोटॉनला आपला क्रम यायला सरासरी अब्जावधी वर्षे लागतात. म्हणून सूर्य एकदम भडकून संपला नाही आणि आपण इथे आहोत.

कर्नाटकाशी या बलाचे आणखी एक नाते आहे. न्यूट्रिनो पदार्थाशी जवळजवळ फक्त क्षीण बलानेच जोडले जातात. वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो जगात सर्वप्रथम टिपले गेलेल्या ठिकाणांपैकी एक म्हणजे कोलारची सोन्याची खाण. १९६५ साली, जमिनीखाली दोन किलोमीटरहून जास्त खोलीवर, टीआयएफआर आणि जपान-इंग्लंडच्या शास्त्रज्ञांनी हे काम केले.

‘व्ही-ए’ सिद्धांत नेमका काय सांगतो?

इथे जरा थांबून वाचा, कारण सुदर्शन यांचे सगळ्यात मोठे काम हेच.

एन्रिको फर्मी यांनी १९३४ साली बीटा ऱ्हासाचा सिद्धांत मांडला. सापेक्षतेचे नियम पाळून असे बल लिहायचे तर गणिताने पाच रूपे संभवतात: स्केलर, व्हेक्टर, टेन्सर, ॲक्सियल व्हेक्टर आणि स्यूडोस्केलर. निसर्ग यांतले कोणते वापरतो हे प्रयोगानेच ठरणार होते, आणि वीस-बावीस वर्षे प्रयोग एकमेकांविरुद्ध साक्ष देत राहिले. हेलियम-६ चा प्रयोग टेन्सरकडे बोट दाखवी, आर्गॉन-३५ चा व्हेक्टरकडे.

त्यात १९५६ साली ली आणि यांग यांनी शंका काढली की क्षीण बल डावे-उजवे समान मानत नसावे. म्हणजे एखाद्या घटनेचे आरशातले प्रतिबिंब निसर्गात तितक्याच सहज घडेल असे नाही. चिएन-शिउंग वू या बाईंनी कोबाल्ट-६० वर प्रयोग करून १९५७ च्या सुरुवातीला ते सिद्ध केले.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत लेथवर काम करणाऱ्या कुणालाही उजव्या आट्यांचा आणि डाव्या आट्यांचा बोल्ट यांतला फरक सांगावा लागत नाही. एक घड्याळाच्या दिशेने फिरवला की पुढे जातो, दुसरा उलट फिरवला की. कणांनाही स्वतःचे फिरणे असते, त्याला स्पिन म्हणतात. कण ज्या दिशेने चालला आहे त्याच्या तुलनेत स्पिन कोणत्या बाजूला आहे यावरून तो डावा की उजवा हे ठरते. व्ही-ए म्हणजे व्हेक्टर रूपातून ॲक्सियल व्हेक्टर रूप वजा. दोन्ही सारख्याच प्रमाणात घेऊन वजाबाकी केली की परिणाम असा निघतो: क्षीण बल फक्त डाव्या कणांना आणि उजव्या प्रतिकणांना ओळखते. उजव्या इलेक्ट्रॉनला ते हातच लावत नाही.

सुदर्शन आणि मार्शक यांनी केवळ बीटा ऱ्हास बघितला नाही. म्युऑनचा (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) ऱ्हास, पायॉन या आणखी एका अल्पायुषी कणाचा ऱ्हास, केंद्रकांचा ऱ्हास, सगळे एकाच नियमाने चालत असतील असे धरले आणि विचारले, मग तो नियम कोणता असू शकतो? उत्तर एकच उरले, व्ही-ए.

पण त्या वेळचे प्रयोग तर याच्या विरुद्ध होते ना?

होते. एक नव्हे, चार. मला या माणसाबद्दल सगळ्यात जास्त आदर याच जागी वाटतो. पीएच.डी.चा विद्यार्थी आपल्या गुरूंसोबत लिहितो की नियम व्ही-ए असेल तर हे चार प्रयोग चुकीचे असले पाहिजेत, ते पुन्हा करा. हेलियम-६ चा प्रयोग त्यांतला एक. दुसरा, म्युऑनच्या ऱ्हासातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या स्पिनची दिशा. तिसरा, ध्रुवित (स्पिन एकाच दिशेला लावलेल्या) न्यूट्रॉनच्या ऱ्हासात इलेक्ट्रॉन एका बाजूला जास्त निघण्याची विषमता. चौथा, पायॉनचा इलेक्ट्रॉनमध्ये होणारा ऱ्हास, जो तोवर कुणाला सापडलाच नव्हता.

हा चौथा बघण्यासारखा आहे. पायॉनला स्पिन नसतो. तो फुटून इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनो झाले तर ते दोघे विरुद्ध दिशांना पळतात, आणि एकूण स्पिन शून्य राहायचा तर दोघे एकाच हाताचे हवेत. प्रतिन्यूट्रिनो उजवाच असतो, म्हणून इलेक्ट्रॉनलाही उजवे व्हावे लागते. पण क्षीण बल उजव्या इलेक्ट्रॉनला घेत नाही! कणाला वस्तुमान असेल तेवढीच या नियमातून सूट मिळते. इलेक्ट्रॉन म्युऑनपेक्षा सुमारे २०७ पट हलका, म्हणून त्याला सूट फार थोडी. व्ही-ए प्रमाणे हिशेब केला तर म्युऑनकडे जाणाऱ्या सुमारे ८ हजार ऱ्हासांमागे एखादाच इलेक्ट्रॉनकडे जायला हवा. १९५८ साली जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत हा ऱ्हास सापडला, आणि पुढच्या मोजमापात प्रमाणही तेच भरले. बाकीचे तीन प्रयोगही नव्याने झाले आणि चारही ठिकाणी सुदर्शन-मार्शक बरोबर ठरले. १९५८ मध्येच अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत गोल्डहेबर आणि सहकाऱ्यांनी न्यूट्रिनो डावा असल्याचे दाखवून दिले.

मग पुस्तकात व्ही-ए साठी फाइनमन आणि गेल-मान या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञांची नावे का असतात?

एप्रिल १९५७ मध्ये रॉचेस्टरला मोठी परिषद भरली. काम जवळपास तयार होते, पण सुदर्शन विद्यार्थी होते म्हणून त्यांना बोलायला मिळाले नाही, आणि मार्शक वेगळ्या विषयावर बोलले. त्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात दोघांनी गेल-मान यांच्याशी या कल्पनेची चर्चा केली. सप्टेंबर १९५७ मध्ये सुदर्शन-मार्शक यांचा निबंध इटलीतल्या पादुआ-व्हेनिस परिषदेत सादर झाला. परिषदेचे वृत्तांत सावकाश छापले जातात. फाइनमन आणि गेल-मान यांचा निबंध मात्र १९५८ च्या जानेवारीत नामांकित नियतकालिकात आला आणि सगळ्यांनी तोच वाचला. फाइनमन यांनी १९६३ साली स्वतःच सांगितले की सिद्धांत सुदर्शन आणि मार्शक यांनी शोधला, आम्ही दोघांनी तो लोकांपर्यंत पोचवला. तेव्हा वर्गात शिकवताना शिक्षकांनी चारही नावे घ्यावीत आणि पहिले नाव सुदर्शन यांचे घ्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

या कामाचा आज काही उपयोग आहे का, की इतिहासजमा झाले?

मूलकणांच्या आजच्या सर्वमान्य सिद्धांताला स्टँडर्ड मॉडेल म्हणतात. त्यात डावा इलेक्ट्रॉन आणि त्याचा न्यूट्रिनो जोडीने येतात आणि उजवा इलेक्ट्रॉन वेगळा बसतो. ही मांडणी व्ही-ए शिवाय सुचलीच नसती. ग्लाशो, सलाम आणि वाइनबर्ग यांना १९७९ चे नोबेल ज्या विद्युत-क्षीण सिद्धांतासाठी मिळाले, त्याचा पाया इथे आहे. १९८३ साली सर्नमध्ये सापडलेला डब्ल्यू कणही डाव्या कणांशीच जोडला जातो.

प्रकाशाबद्दलचे त्यांचे काम काय?

१९५० च्या दशकात हॅन्बरी ब्राउन आणि ट्विस यांनी ताऱ्यांच्या प्रकाशावर असे प्रयोग केले की फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, गटागटाने येतात का, हा वाद पेटला. १९६० मध्ये लेसर आला. बल्बचा प्रकाश आणि लेसरचा प्रकाश यांत क्वांटमच्या भाषेत फरक काय, हे कुणाला स्वच्छ लिहिता येईना. १९६३ साली रॉय ग्लाउबर यांनी सुसंगत अवस्था (आदर्श लेसरच्या प्रकाशाची क्वांटम अवस्था) वापरून क्वांटम मांडणीचा आग्रह धरला. त्याच वर्षी सुदर्शन यांनी एका छोट्या निबंधात दाखवले की प्रकाशाची कोणतीही अवस्था सुसंगत अवस्थांचे मिश्रण म्हणून लिहिता येते, प्रत्येकीला एक वजन देऊन. वजने नेहमीच्या संभाव्यतेसारखी धन राहिली तर जुन्या पद्धतीचा हिशेबही चालतो. ती ऋण झाली, की तो प्रकाश शुद्ध क्वांटम. दोन जगांमधली सीमारेषा इतक्या नेमकेपणे आखून देणारे दुसरे सूत्र माझ्या पाहण्यात नाही. आज त्याला ग्लाउबर-सुदर्शन निरूपण म्हणतात.

असा शुद्ध क्वांटम प्रकाश १९७७ साली किंबल, डाजेने आणि मँडेल यांनी प्रयोगात दाखवला. त्याचाच एक प्रकार, दाबलेला प्रकाश (इंग्रजीत स्क्वीझ्ड लाइट), अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेत २०१९ पासून गुरुत्वलहरींच्या नियमित निरीक्षणात वापरतात. लायगोची भारतातली वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहते आहे.

एवढे सगळे केले, मग नोबेल का नाही मिळाले ओ?

२००५ चे नोबेल अर्धे ग्लाउबर यांना मिळाले, प्रकाशाच्या क्वांटम सिद्धांतासाठी. उरलेले अर्धे जॉन हॉल आणि थिओडोर हेन्श यांना. एका विषयात तिघांहून जास्त जणांना देत नाहीत, आणि तीन जागा भरल्या. सुदर्शन यांनी समितीला पत्र लिहून जाहीर नाराजी कळवली, अनेक भौतिकशास्त्रज्ञांनीही निषेध नोंदवला. माझ्या मते त्यांच्यावर अन्याय झाला. व्ही-ए साठीही झाला. पण मुले हा एकच प्रश्न विचारून थांबतात आणि त्यांचे काम न वाचताच घरी जातात, याचे मला जास्त दुःख होते.

टॅकिऑन, म्हणजे प्रकाशापेक्षा वेगवान कण, खरेच असतात का?

आजवर सापडलेले नाहीत. १९६२ साली बिलानियुक, देशपांडे आणि सुदर्शन यांनी विचारले की विशेष सापेक्षता प्रकाशाचा वेग *ओलांडायला* मनाई करते, पण जन्मापासूनच त्यापलीकडे असलेल्या कणांना मनाई करते का? गणित सांगते, नाही. अशा कणाचे वागणे विचित्र असते. ऊर्जा कमी झाली की तो आणखी जोरात पळतो, आणि प्रकाशाच्या वेगापर्यंत त्याला कधीच सावकाश करता येत नाही. टॅकिऑन हे नाव जेराल्ड फाइनबर्ग यांनी १९६७ साली दिले.

२०११ साली इटलीतल्या ओपेरा प्रयोगात न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा वेगाने आल्याची बातमी झाली होती, ती मोबाइलवर अजून फिरते. तिथे फायबर ऑप्टिक केबलची जोडणी नीट बसलेली नव्हती. २०१२ मध्ये तो दावा संपला.

टॅकिऑनची कल्पना त्यांनी वेदांतून काढली असे ऐकले. खरे का?

नाही. वेदांतावर त्यांचे प्रेम होते आणि त्यावर ते व्याख्यानेही देत. पण १९६२ चा निबंध सापेक्षतेच्या समीकरणांतून आलेला आहे आणि ती समीकरणे बी.एस्सी.च्या मुलाला समजतात. स्वतः वाचून बघा.

बघत राहिले तर कण बदलतच नाही, हे कसे शक्य आहे?

बैद्यनाथ मिश्र आणि सुदर्शन यांचा १९७७ चा निबंध. ग्रीक तत्त्वज्ञ झेनोच्या बाणाच्या कोड्यावरून याला क्वांटम झेनो परिणाम म्हणतात.

गुपित सुरुवातीच्या क्षणांत आहे. क्वांटम अवस्था बदलण्याची संभाव्यता अगदी सुरुवातीला वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेळ दहावा भाग केला की संभाव्यता शंभरावा भाग होते. आता दहा वेळा मध्येच मोजमाप केले आणि दर वेळी कण मूळ अवस्थेतच सापडला, तर घड्याळ दर वेळी पुन्हा शून्यापासून सुरू होते. दहा वेळा शंभरावा भाग, म्हणजे एकूण फक्त दहावा. मोजमापे वाढवत नेली की बदल थांबत जातो.

१९९० साली अमेरिकेत वेन इटानो, डेव्हिड वाइनलँड आणि सहकाऱ्यांनी बेरिलियमच्या हजारो आयनांवर हे करून पाहिले. २५६ मिलिसेकंदांत सगळे आयन वरच्या पातळीत जातील असा रेडिओलहरींचा झोत दिला आणि मध्ये लेसरने ‘पाहिले’. आदर्श सूत्राप्रमाणे ४ वेळा पाहिले तर ३७.५ टक्के वर जातात, १६ वेळा तर सुमारे १३ टक्के, ६४ वेळा तर सुमारे ४ टक्के. प्रयोग याच आकड्यांच्या वाटेने गेला. एक खुलासा करतो, कारण गैरसमज फार आहे: इथे पाहणे म्हणजे माणसाचे डोळे किंवा मन नव्हे. लेसरचा फोटॉन आयनावर आदळतो आणि माहिती बाहेर जाते, तेच पाहणे.

क्वांटम कॉम्प्युटरशी त्यांचा काय संबंध?

जवळचा. क्यूबिट, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरमधले माहितीचे एकक, कधीच एकटा नसतो. भोवतालची उष्णता, भटकी क्षेत्रे त्याला सतत धक्के देतात आणि त्याची नाजूक अवस्था विस्कटते. अशा उघड्या प्रणालीचे गणित सुदर्शन यांनी पी. एम. मॅथ्यूज आणि जयसीता राव यांच्यासोबत १९६१ साली मांडले, तेव्हा क्वांटम कॉम्प्युटर हा शब्दही नव्हता. १९७६ साली गोरिनी आणि कोसाकोव्स्की यांच्यासोबत त्याचे पक्के समीकरण दिले. त्याच वर्षी स्वीडनच्या गोरान लिंडब्लाड यांनी ते स्वतंत्रपणे काढले. बरीच वर्षे एकट्या लिंडब्लाड यांचे नाव चालले, आता चौघांचे घेतात. २०२३ साली केंद्राने मंजूर केलेल्या ६ हजार कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये जी मुले काम करतील, त्यांच्या रोजच्या हिशेबात हे समीकरण असेल.

मला हे शिकायचे आहे. पीयूसीला आहे, घरी कुणी सायन्सचे नाही. कुठून सुरुवात करू?

सीईटीत सुदर्शन यांच्यावर प्रश्न येणार नाही, तेव्हा परीक्षेसाठी हे वाचू नको. पीयूसीचे गणित मात्र मन लावून कर. मॅट्रिक्स, संमिश्र संख्या आणि कलन या तीन गोष्टी हाताला बसल्या तर वर लिहिलेले अर्ध्याहून जास्त तुला स्वतः सोडवता येईल. झेनोचा ३७.५ टक्क्यांचा आकडा तर आत्ताच काढून बघता येतो: १८० अंशांचे मोजमापांच्या संख्येइतके समान भाग कर, एका भागाचा कोसाइन घे, त्याचा तितकाच घात कर, तो १ मधून वजा कर आणि निम्मे कर.

बी.एस्सी.साठी गाव सोडायची गरज नाही, बेळगावातच जीएसएस आणि आरएलएस ही कॉलेजे आहेत. एम.एस्सी.ला धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ किंवा कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, दोन्ही एसटीच्या अंतरावर. आणखी पुढे जायचे असेल तर जॅम ही परीक्षा भारतीय विज्ञान संस्था आणि आयआयटींसाठी, आणि टीआयएफआरची स्वतःची प्रवेश परीक्षा वेगळी. तिचे जुने पेपर संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापासून ते सोडवायला लाग, आणि अडले की विचारायला ये.